काळ्या टेकरीवरची मामी

मामीच्या हाताला माप नव्हतं. शेजारणीनं वाटीभर साखर मागितली तर ती डबाच उचलून द्यायची, आणि वर म्हणायची, "वाटी कोन परत आनत बसन, डबाच ने." भाजीत मीठ घालायची ते मूठ भरून. मामा, म्हणजे तिचा नवरा, पहिला घास घ्यायचे, पाण्याचा गिलास जवळ ओढायचे आणि हळूच म्हणायचे, "भोपाळात तलाव होता, आज समुद्रबी आला." मामी ताट न पाहताच म्हणायची, "मंग होडी आना अन् जेवा." ते जेवायचे. रोज जेवायचे.

भांडणही ती पुरं करायची. एकदा रेशनच्या दुकानात एक माणूस मध्येच घुसला. मामीनं त्याच्या बापापासून सुरुवात केली ती त्याच्या पणज्यापर्यंत पोचली. तो बिचारा शेवटी म्हणाला, "अम्मा, घर में बच्चा हुआ है, इसलिए जल्दी है." मग मामी त्याची पिशवी स्वतःच्या डोक्यावर घेऊन त्याच्या घरापर्यंत गेली, बाळंतिणीला डिंकाचे लाडू कसे करायचे ते सांगून आली. मला म्हणाली, "भांडन अर्धं ठेवू नये पोरी. पोटात सडते ते."

ती माझी खरी मामी नव्हती. आम्ही अकोल्याकडचे. माझा माणूस भोपाळच्या गोविंदपुऱ्यात ठेकेदाराच्या हाताखाली लोखंड उचलायचा. काम असलं तर असलं. आम्ही शेडच्या मागं ताडपत्री बांधून राहत होतो, ती एका पावसात वाहून गेली. मी पोटुशी होते. तिथल्या फॅक्टरीच्या टाउनशिपमधल्या नळावर पाणी भरायला जायचे, तिथं मामीनं मला पाहिलं. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "काहून वो, दिवस भरत आले अन् घागर उचलते?" म्हणाली, आणि घागर घेऊन पुढं चालायला लागली. मी मागं मागं गेले. तिच्या क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात तिनं पाट टाकला, आणि आम्ही तिथंच राहिलो. चारेक वर्षं राहिलो.

फॅक्टरीच्या क्वार्टरात बाहेरचं माणूस ठेवायची मनाई होती. चेकिंग यायचं. मला एक मुलगी झाली, सुजाता, ती महिन्याची होती तेव्हा एका दुपारी साहेब आणि बाबू आले. माझी सिगडी पेटलेली, दोरीवर लंगोट वाळत होते. लपवायला काही जागाच नव्हती.

साहेबांनी विचारलं, "ये कौन है?"

मामी म्हणाली, "भांजी है मेरी."

"और ये अलग चूल्हा?"

"जचकीवाली है. उसका अलग पकता है."

बाबू म्हणाला, "पिछली बार भी कोई भांजी थी."

"तो क्या भांजी हर साल बदलती है?" मामीनं असं विचारलं की साहेबालाच हसू आलं. ते निघून गेले. मामी ओट्यावर बसली आणि डोळ्यात पाणी येईस्तोवर हसली. मग म्हणाली, "आता तुले मले मामीच म्हना लागते. सरकारले सांगतलं मी." तेव्हापासून ती मामी. हळूहळू क्वार्टरांची सगळी लाईनच तिला मामी म्हणायला लागली.

तिला मूल नव्हतं. आमच्या लाईनीतली एक बाई मला म्हणाली होती की रिकाम्या मांडीवर लेकरू जास्त देऊ नये. मामीनं ते ऐकलं. सुजाताला मांडीवर घेऊन तिच्यासमोरच जाऊन बसली आणि म्हणाली, "मांडी रिकामी हाय म्हनूनच त पोरगी मावते बाई." सुजाता तिला आजी म्हणायची आणि रात्री तिच्याचजवळ झोपायची.

मामा फाउंड्रीत होते. तापलेलं लोखंड ओतायचं काम. छातीत धूर बसलेला, गुडघे गेलेले. रिटायर व्हायला थोडीच वर्षं उरली होती. ते कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते मामीला चिडवायलाच. मामी घरात नसली तर मात्र दारात उभे राहून दोनदोनदा विचारायचे, "तुही मामी कुठं गेली वो?"

आमच्यात बुद्धपौर्णिमेला सगळ्यांनी मिळून वंदना करायची पद्धत. दरवर्षी ती टाउनशिपच्या विहारात व्हायची, पंख्याखाली, फरशीवर. त्या वर्षी कमिटीच्या लोकांनी फॅक्टरीची बस मिळवली आणि ठरवलं की टेकरीवर जायचं. भोपाळपासून दूर, जंगलखात्यानं राखलेली टेकरी, वरती जुने स्तूप. मामी दोन दिवस नाचत होती. पुऱ्या तळल्या त्या सगळ्या बसला पुरून उरतील एवढ्या. माझा माणूस कामावर होता, तो आला नाही. मी, सुजाता, मामा, मामी, आणि लाईनीतले सगळे. बाया पांढऱ्या लुगड्यात. सुजाता चार वर्षांची झाली होती.

बस खालीच थांबली. वर पायवाट. सागाची पानं गळून गेलेली, नुसती खोडं. आणि दगड सगळा काळा. मी वऱ्हाडातली, काळी माती पाहिलेली, पण असा दगड पाहिला नव्हता. जाळून टाकल्यासारखा. काही दगडांना भोकं, आणि भोकात पांढरं पांढरं मीठ जमल्यासारखं. मामांनी एक उचलला, फिरवून पाहिला आणि फाटकावरच्या चौकीदाराला म्हणाले, "ये तो हमारी भट्टी का कीट है." भट्टीतून निघणारा लोखंडाचा जळका मळ, तो कीट.

चौकीदार म्हणाला, "बाबूजी, ये पूरा पहाड़ ही आग से निकला है. ज़मीन फटी थी, पत्थर पिघल के बहा था. साहब लोग बताते हैं."

मामांना फार आनंद झाला. मी त्यांना एवढं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. "म्हनजे ही आपलीच फाउंड्री झाली की! सुपरवायझर कोन होता बापा?" म्हणाले. मामी म्हणाली, "तुमी रिटायर झाले की इथंच ड्यूटी लावून घ्या. मले थोडी शांतता भेटन." सगळे हसले. मामा गुडघ्यावर हात ठेवून ठेवून चढले. प्रत्येक वळणावर मामी थांबायची, "चला ना, का उचलून नेऊ?" म्हणायची.

वर सपाट मैदान. एक मोठा स्तूप, अर्धा ढासळलेला. चारदोन लहान, माझ्या कमरेएवढे. आणि एक दगडी देवळी, तिच्यात बुद्धाची मूर्ती. नाकडोळे झिजून गेलेले, नुसता चेहऱ्याचा आकार उरलेला. देवळीवर पिंपळाचं मोठं झाड वाकलेलं. बायांनी चादर अंथरली, मेणबत्त्या मांडल्या. मामा गुडघे दुखत होते म्हणून एका दगडाला टेकून बसले, मामी त्यांच्या शेजारी. सुजाता मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, जिथं काळे दगड फुटून खड्डा पडला होता, तिथं भोकाचे दगड वेचत होती. मामी मला म्हणाली, "पोरगी माह्या नजरेत हाय. तू पानी आन." मी बादली घेऊन अर्ध्या वाटेवरच्या हापशीवर गेले.

पिंपळाच्या फांदीखाली आग्या मोहोळ होतं. एक नाही, ओळीनं लटकलेली. पोत्यांसारखी काळी. आमच्यातल्या एकानंही वर पाहिलं नाही. विहारात वर पाहिलं तर पंखा दिसतो. आम्हाला वर पाहायची सवयच नव्हती.

मी बादली भरून शेवटच्या वळणावर आले होते. खोडांमधून वरचं सगळं दिसत होतं. कुणीतरी अगरबत्तीच्या काड्या एकेक करून लावत होतं. मामीचा आवाज ऐकू आला, "एकएक काय लावता वो, सालातून एक डाव येतो, पुडा लावा ना!" तिनं सगळा पुडा सोडला आणि मेणबत्तीवर धरला. दुसऱ्या बाईच्या हातातला घेतला, तोही लावला. धूर सरळ वर गेला. वास माझ्यापर्यंत आला. मला बरं वाटलं. खरं सांगते, मला त्या क्षणी फार बरं वाटलं होतं.

मग आवाज आला. मला वाटलं खाली बस चालू केली. वर पाहिलं तर झाडाखालून काहीतरी गळून पडल्यासारखं झालं आणि पांढरी लुगडी इकडंतिकडं पळायला लागली. ओरडणं नंतर आलं. आधी नुसतं पळणं दिसलं, आणि ते काय चाललंय ते माझ्या डोक्यात शिरेना. मामी उठली, अंथरलेली चादर मेणबत्त्यांसकट ओढली आणि मैदानाच्या त्या टोकाला धावली. तिला धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिनं सुजाताला खड्ड्यात लोटलं, वरून चादर टाकली आणि तिच्यावर पालथी पडली.

मी वर निघाले. मागून कुणीतरी माझे दोन्ही खांदे धरून मला खाली बसवलं. बसचा म्हातारा ड्रायव्हर होता, भोपाळचाच, त्याला सगळे खांसाहेब म्हणायचे. तो खालच्या हापशीपाशी घोंगडी टाकून पडला होता; तीच त्यानं आम्हा दोघांवर ओढून घेतली. मी म्हटलं, "मेरी बच्ची." तो म्हणाला, "हिलना मत बीबी. तू ऊपर गई तो बच्ची भी जाएगी, तू भी जाएगी. देख, अम्मा है उसके ऊपर. अम्मा है." तो तेच तेच म्हणत राहिला. घोंगडीत बिडीचा वास होता. बाहेर तो आवाज होता.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही.

मग आवाज झाडाकडं परत गेला. खांसाहेबानं घोंगडी काढली. मी वर गेले. मामी तशीच पालथी पडलेली. पाठ, मान, कान, सगळीकडं माश्या चिकटलेल्या, काही अजून हलत होत्या. मी तिला बाजूला केलं तर खालून सुजाता निघाली. तिच्या मुठीत एक दगड. पायाच्या अंगठ्याला एक डंख, बाकी काही नाही. मला म्हणाली, "आजी भारी आहे गं." म्हणजे वजनानं.

मामा त्या दगडापाशीच होते. टेकून बसले होते तसेच एका बाजूला कलंडलेले. एक हात डोळ्यांवर. त्यांच्याजवळ पुऱ्यांचा डबा उघडा पडला होता. मी त्यांना हाक मारली. परत मारली. मग एक माणूस आला, त्यानं त्यांच्या छातीला कान लावला आणि माझ्याकडं न बघता मान हलवली.

आम्ही सगळे बसमध्ये आलो. कुणाचे डोळे सुजलेले, कुणाचे ओठ. कुणी रडत नव्हतं. आणि मला दिसलं, माझ्या हातात बादली होती. खांसाहेबानं मला बसवलं तेव्हा मी ती खाली ठेवली असणार, मग कधी उचलली ते आठवत नाही. ती भरलेली होती. एवढं होऊन मी पाणी न सांडता खाली आणलं होतं. मी त्या पाण्याकडं बघत भोपाळपर्यंत आले.

मामी दवाखान्यात होती. चेहरा असा झाला होता की मी तिला हातावरच्या गोंदणावरून ओळखलं. डोळे बंदच. संध्याकाळी ओठ हलले, मी कान नेला.

"पोरगी?"

"बरी आहे मामी."

मग तिनं काही विचारलं नाही. मी वाट पाहिली. आता विचारेल, आता विचारेल. तिनं मामांचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी कमिटीचे दोघं आले, ते लांबून लांबून बोलत मुद्द्यावर आले. मामी म्हणाली, "हाव." बस, एवढंच. परक्याच्या मौतीला छाती पिटून रडणारी बाई, नवऱ्यासाठी तिच्या तोंडून एवढंच निघालं.

टाउनशिपमधले काही तरुण चिडले होते. मशाली नेऊन ती मोहोळं जाळून येतो म्हणत होते. मामीला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ते तिला सांगायला आले. तिचा एक डोळा थोडा उघडला होता. ती म्हणाली, "नका बाबू. घर त्यांचं होतं. धूर आपन नेला." ते गेले. कुणी टेकरीवर गेलं नाही.

पण नळावर बाया बोलायच्या. मी पाणी भरायला उभी असायचे, तरी बोलायच्या. धूर तिनंच केला. नवरा पांगळा, त्याला सोडून पळाली. दुसऱ्याच्या पोरीपायी स्वतःचं कुंकू घालवलं. मामी खिडकीत बसून ऐकायची. मला वाटायचं, आता उठेल, आता बाहेर येऊन एकेकीच्या पणजीपर्यंत पोचेल. ती उठली नाही. तिनं एकदा तरी भांडायला पाहिजे होतं. मला तेव्हा तेवढंच पाहिजे होतं.

आणि भाजी अळणी व्हायला लागली. ती मीठ चिमटीत घ्यायची, चिमूट बघायची, त्यातलं थोडं परत डब्यात टाकायची. मी म्हटलं, "मामी, मीठ कमी झालं." ती म्हणाली, "पुरते." मामा गेले तेव्हा मी एवढी घाबरले नव्हते.

मामा गेले म्हणजे क्वार्टरही गेलं, नियमच तसा. मामीचा भाऊ भंडाऱ्याकडं होता, तो न्यायला आला. आम्ही अशोका गार्डन नावाच्या वस्तीत रेल्वे लाईनजवळ एक खोली पाहिली. मामीनं आपली भांडी लाईनीतल्या बायांना वाटून दिली. नळावर बोलणाऱ्यांनाही दिली. त्या घेताना खाली बघत होत्या.

आम्ही तिला स्टेशनवर सोडायला गेलो. माझा माणूस सामान चढवत होता, सुजाता तिच्या खांद्यावर झोपली होती. मी गेले कित्येक दिवस एक वाक्य मनात जुळवत होते, ते काही जुळत नव्हतं. शेवटी मी तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हटलं, "मामी, तुझे उपकार..."

"चूप," मामी म्हणाली. "उपकार म्हनू नको. म्या काही ठरवलं नोयतं. पोरगी हाताशी होती, हे दूर होते. जे जवळ होतं ते उचललं. तुह्या पोरीच्या जागी कोनाचंबी पोरगं असतं तरी तेच झालं असतं. कोनी इचारलं त हेच सांगजो."

मी म्हटलं, "हो मामी."

तिनं सुजाताला माझ्याकडं दिलं. गाडी हलली. मामी खिडकीतून बाहेर बघत नव्हती, समोरच्या बाकाकडं बघत होती. एकदा मात्र मान वळवली आणि ओरडली, "पोरीच्या अंगठ्याले हयद लाव!" हळद कशाला, तो अंगठा केव्हाच बरा झाला होता.

ती पुन्हा भोपाळला आली नाही. काही उन्हाळ्यांनंतर तिच्या गावाकडचा एक माणूस फॅक्टरीत कामाला लागला, त्याच्याकडून कळलं की मामी गेली. झोपेत गेली म्हणाला. मी त्याला जेवू घातलं आणि मग न्हाणीत जाऊन बसले.

सुजाता आता दोन मुलांची आई आहे. तिला त्या दिवसाचं फक्त अंधार आणि वजन आठवतं. तिनं मोठी झाल्यावर विचारलं, आजीनं मलाच का उचललं गं? मी मामीनं सांगितलं होतं तेच सांगितलं. तू हाताशी होतीस, आजोबा दूर होते. तिला पटलं. लाईनीतल्या लोकांनाही मी तेच सांगत आले, आणि हळूहळू त्यांनाही पटलं.

पण मी वळणावर उभी होते, आणि खोडांमधून मला सगळं दिसत होतं. मामा तिच्या कोपराला लागून बसले होते. पोरगी मैदानाच्या पार त्या टोकाला होती. आवाज आला तसा मामांनी मामीचा पदर धरला. ती उठली, तरी पदर त्यांच्या मुठीत होता. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग पदर सुटला आणि ती धावली. तिनं ओढून घेतला की त्यांनी मूठ उघडली, ते मला तेवढ्या लांबून दिसलं नाही.